फ्रिजवरचं ऑफिस

खराडी, हिंजवडी किंवा ऐरोलीकडच्या एखाद्या घरात हल्ली फ्रिजच्या दारावर तीन रकाने आखलेला कागद दिसतो. 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. त्यावर रंगीत चिठ्ठ्या: पासपोर्टचं नूतनीकरण, बाबांचा मोतीबिंदू, मुलीची स्कूल बस, बाथरूमची गळती. नवरा-बायको दोघंही दिवसभर ऑफिसात असाच बोर्ड सरकवत असतात, संध्याकाळी घरीही तोच. काही घरांत रविवारी सकाळी पोह्यांबरोबर आठवड्याची 'मीटिंग' होते. आजी ऐकते आणि म्हणते, आमच्या वेळी हे सगळं न सांगता व्हायचं. तेव्हा ते नेमकं कोण करायचं, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.

कारखान्यात आणि कचेरीत कामं मार्गी लावण्यासाठी शोधलेल्या पद्धती स्वतःच्या आयुष्याला लावाव्यात का, आणि लावल्या तर कितपत चालतात, हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षं चघळला जातोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या कामाला शेवट असतो, म्हणजे लग्न, घरदुरुस्ती, शस्त्रक्रिया, व्हिसा, परीक्षा, तिथे या पद्धती मनापासून वापराव्यात. ज्याला शेवटच नाही त्या कामात त्या लुडबुड करतात. आणि घरातल्या सगळ्या कामांची यादी मुळात कोणाच्या डोक्यात फिरत असते, हा प्रश्न यातली एकही पद्धत आपणहून सोडवत नाही. फार तर तो उघडा पाडते.

हे खूळ मोबाइलने आणलं असं समजू नये. फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक 1911 मध्ये आलं आणि वर्षभरात, 1912 मध्ये, क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनी 'लेडीज होम जर्नल'मध्ये लेखमाला लिहून टेलरची मोजपट्टी स्वयंपाकघराला लावली. नवरा व्यापार-जाहिरातीच्या क्षेत्रातला. त्याच्या मित्रांच्या गप्पांत कारखान्यांच्या कार्यक्षमतेचे किस्से निघायचे, ते ऐकून बाईंनी घरीच प्रयोग सुरू केले. भांडी घासायच्या सिंकची उंची किती असावी, भांडी कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला सरकावीत, फडताळापर्यंत किती पावलं पडतात. लाँग आयलंडवरच्या राहत्या घराला त्यांनी चक्क प्रयोग केंद्र म्हणून नाव दिलं. त्यांचं लिखाण जर्मनीत पोहोचलं, आणि 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी त्यातून प्रेरणा घेऊन प्रसिद्ध फ्रँकफर्ट किचन आखलं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आपल्या आजच्या मॉड्युलर किचनचं हे मूळ घराणं. त्यात एकच गोम होती, तिथे एका वेळी एकच माणूस नीट उभं राहू शकायचं. ते माणूस कोण, हे गृहीतच होतं.

याच काळात फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ हे जोडपं हालचालींचा अभ्यास करत होतं. त्यांना बारा मुलं झाली. पुढे दोन मुलांनी लिहिलेल्या 'चीपर बाय द डझन' (1948) या पुस्तकात बाथरूममध्ये लावलेल्या तक्त्यांची हकीकत आहे: दात घासले, अंघोळ केली, केस विंचरले की ज्याने त्याने आपली सही करायची. वडिलांनी म्हणे दोन वस्तरे एकदम चालवून दाढीतले 44 सेकंद वाचवून पाहिले, पण गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली. गंमत सोडली तरी लिलियनबाईंचं काम मोठं आहे. 1924 मध्ये नवरा गेल्यावर त्यांनीच संसार आणि सल्लागारी दोन्ही ओढलं. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा त्यांच्या नावावर आहे. त्या स्वतः मात्र स्वयंपाकात फारशा रमत नसत.

या सगळ्या खटाटोपाचं फलित काय? रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी 1983 मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात त्याचा हिशोब मांडला. यंत्रं आली, ओटे सुधारले, तरी गृहिणीचे तास काही कमी झाले नाहीत. कपडे धुणं सोपं झालं तसे ते वरचेवर धुतले जाऊ लागले. पूर्वी नवरा, मुलं आणि गडीमाणसं जी कामं वाटून घेत, ती एकटीच्या अंगावर आली. वाचलेला वेळ वाचवणाऱ्याच्या हाती लागत नाही. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक असतं, लवकर काम संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं. घरी मात्र आपण ते विसरतो.

पुढच्या पद्धतींपैकी मला सर्वांत टिकाऊ वाटते ती कानबान. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटात ताइइची ओहनो यांनी ती बसवली. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये फळीवरून माल उचलला की मागून तेवढाच भरला जातो, हे सूत्र त्यांनी धरलं. पुढच्या विभागाकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने भाग बनवायचा नाही. 2000 नंतरच्या दशकात सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली, आणि 2011 मध्ये जिम बेन्सन आणि टोनिअॅन डीमारिया बॅरी यांच्या 'पर्सनल कानबान'ने ती घरात आणली. त्यांचे नियम दोनच: काम डोळ्यांना दिसू द्या, आणि एका वेळी हातात घेतलेल्या कामांना मर्यादा घाला.

बहुतेक लोक पहिला नियम पाळतात, दुसरा सोडून देतात. चिठ्ठ्या लावायला मजा येते, 'चालू आहे'मध्ये तीनच कामं ठेवायला जिवावर येतं. पण गणित दुसऱ्या नियमात आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: हातात असलेल्या कामांची संख्या भागिले ती संपण्याचा वेग म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. महिन्याला तुमची दोन कामं पुरी होत असतील आणि बारा उघडी असतील, तर प्रत्येकाला सरासरी सहा महिने लागणार. तुम्ही कितीही धावपळ करा.

कानबानची खरी कसोटी पाहायची तर वडील गेल्यानंतरची कागदपत्रं घ्या. आपल्या घरांतलं हे सर्वांत गुंतागुंतीचं प्रोजेक्ट, पण त्याला कोणी प्रोजेक्ट म्हणत नाही आणि ते येतं तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. मग दाखल्याच्या भरपूर प्रती. बँकेत नॉमिनीचा अर्ज, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महावितरणचं मीटर, गॅसचं पुस्तक. गावी जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, फेरफार, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नावं. यातलं निम्मं काम आपल्या हातात नसतंच. म्हणून अशा बोर्डावर तीन रकाने पुरत नाहीत, चौथा लागतो: 'अडकलंय'. त्यातल्या प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: कोणाकडे अडकलंय, कधीपासून, आणि पुढचा फोन कोणत्या तारखेला. 'तलाठी कार्यालय, 4 तारखेपासून, 20 ला फोन' एवढं लिहिलं की ते डोक्यातून खाली उतरतं, आणि नागपूरच्या भावाला रोज रात्री तोच खुलासा करावा लागत नाही.

बोर्ड मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. आधारवर वडील 'दत्तात्रय', सातबाऱ्यावर 'दत्तू', बँकेत नुसती आद्याक्षरं. पाच चिठ्ठ्या वेगवेगळ्या वाटतात, पण पाचही या एका फरकावर अडलेल्या असतात. या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हे काम यादीत कितव्याही क्रमांकावर असो, ते आधी करायचं. साध्या यादीत हे दिसत नाही. यादी एकाखाली एक असते, आणि अडवणूक आडवी असते.

या अडवणुकीचं शास्त्र म्हणजे क्रिटिकल पाथ. 1957 च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत ते तयार झालं, अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी त्याचंच भावंड वापरलं. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते त्याच्याही आधीचे. क्षेपणास्त्राचं शास्त्र दोन बीएचकेला कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी राहत्या फ्लॅटची दुरुस्ती काढून बघावी. सोसायटीची एनओसी, तोडफोड, राडारोडा हलवणं, वायरिंग आणि प्लंबिंगसाठी भिंतीत खाचा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी तुंबवून खाली गळतं का ते बघणं, मग लादी, मग ओटा. मॉड्युलर किचनवाला लादी आणि ओटा झाल्याशिवाय शेवटची मापं घेत नाही, आणि मापं घेतल्यावर माल यायला काही आठवडे जातात. म्हणजे लादीवाला चार दिवस गावी गेला की गृहप्रवेश चार दिवस पुढे. पंखे आणि पडदे उशिरा आले तर काही बिघडत नाही, त्यांच्या दुकानांत मात्र आपण पहिले तीन रविवार घालवतो. शॉवरचा भिंतीत गाडायचा डायव्हर्टर दिसतो शेवटच्या सजावटीतला, पण तो लादीच्या आधी जागेवर हवा. नाही आणला तर प्लंबर परत जातो, आणि एकदा गेलेला प्लंबर कधी येईल हे त्यालाही ठाऊक नसतं. एक कागद, दहा-बारा चौकोन, मधले बाण. एवढं केलं की कशाच्या मागे धावायचं आणि काय विसरून जायचं ते कळतं. घरगुती कामांत ऑफिसकडून घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन.

तारखांवर मात्र विश्वास ठेवू नये. आपलं काम ठरल्या वेळेत होईलच असं धरणाऱ्या आंधळ्या आशावादाला मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये नाव दिलं. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज 33.9 दिवस. सगळंच बिघडलं तर? 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5. वाईटात वाईट धरलं तरी ते कमीच धरलेलं होतं. यावर उपाय आपल्या योजनेत खोलवर शिरण्याचा नाही. शेजारच्या विंगमधल्या कुलकर्ण्यांना किंवा शेखांना किती दिवस लागले ते विचारायचं आणि तोच आकडा धरायचा. आपलं प्रकरण वेगळं आहे असं वाटलं तरी.

डेव्हिड अॅलनच्या 'गेटिंग थिंग्ज डन' (2001) या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचे भक्त पुष्कळ आहेत आणि तिची कर्मकांडं त्याहून जास्त. तिचा गाभा असा की डोक्यात काहीही साठवू नका, लिहून काढा आणि पुढची हालचाल ठरवा. अर्धवट काम मनात घोळत राहतं हा ब्लुमा झायगार्निक यांचा 1927 चा दावा नंतरच्या प्रयोगांत दर वेळी तसाच उतरला नाही. पण मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलेली गोष्ट कामाची आहे: अपुऱ्या कामाची टोचणी कमी व्हायला काम पुरं व्हावंच लागतं असं नाही, कधी आणि कसं करणार याची नेमकी योजना झाली तरी ती कमी होते. 'आईची तपासणी' असं लिहून काही होत नाही. 'मंगळवारी दहा वाजता लॅबला फोन' लिहिल्यावर होतं. बाकी तारखा-महिन्यांनुसार लावलेले 43 फोल्डर वगैरे ज्याला हौस असेल त्याने करावं.

चेकलिस्टचा विषय निघाला की अतुल गावंडे यांचं नाव येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या सर्जनचा हा सर्जन मुलगा. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची शस्त्रक्रिया-यादी त्यांच्या पुढाकाराने झाली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांतल्या पाहणीत, त्यात दिल्लीही होती, मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची केली गेली, आणि 2014 मध्ये 101 रुग्णालयांची आकडेवारी पाहिली तेव्हा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. वाद अजून चालू आहे, पण हुकुमाने लादलेल्या यादीत लोक खुणा करून मोकळे होतात ही शंका अनेकांनी बोलून दाखवली. घरी हे रोजचंच आहे. गावी निघताना गॅस, गीझर, नळ, किल्ल्या ही दारामागची यादी उपयोगी पडते, कारण निघणाऱ्यालाच तिची गरज असते. मुलाच्या टेबलावर आईने चिकटवलेली यादी आठवड्यात भिंतीच्या रंगासारखी होते, दिसेनाशी.

साधनांत निवड कशी करावी? ट्रेलो हे बोर्डाचं अॅप 2011 मध्ये आलं, नंतर नोशन आणि त्याची भावंडं. दिसायला सगळी छान. पण घरातल्या कामांत सासूबाई असतात, गावचे काका असतात, कामाच्या मावशी असतात, आणि त्यांच्यापैकी कोणी अॅप उघडणार नाही. जिथे एक माणूस बाहेर राहतो तिथे बोर्ड खोटा होऊ लागतो. म्हणून 1973 पासून घराघरांत लटकणारं कालनिर्णय आजही कित्येक अॅपना पुरून उरतं. दूध आलं नाही त्या चौकोनात फुली, मावशींचा खाडा, सिलिंडर लावला ती तारीख, कोपऱ्यात विम्याचा हप्ता. येता-जाता दिसतं, पासवर्ड लागत नाही, आणि कोणाचीही कामगिरी मोजत नाही.

कामगिरी मोजण्यावरून अजाइल कुटुंबांकडे येतो. 2001 मध्ये युटामधल्या स्नोबर्डला 17 सॉफ्टवेअरवाल्यांनी अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं काम आणि वरचेवर आढावा या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. 2009 मध्ये डेव्हिड स्टार यांनी आपल्या घरातल्या अजाइलवर निबंध सादर केला, आणि 2013 मध्ये ब्रूस फाइलर यांच्या पुस्तकाने आणि टेड भाषणाने ते जगभर नेलं. दर आठवड्याला घरच्यांनी बसायचं: काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढच्या आठवड्यात कशावर लक्ष द्यायचं. बक्षीस आणि शिक्षा मुलांनीच ठरवायची. मुलांना बोलायला जागा मिळते, हे यातलं खरं सोनं. मात्र ही बैठक ज्या संघासाठी शोधली गेली तिथे कोणी कोणाचा बाप नसतो आणि नाराज माणूस नोकरी सोडू शकतो. आपल्या घरात 'काय बिघडलं' या प्रश्नावर सुनेने सासऱ्यांसमोर खरं उत्तर द्यायचं म्हणजे काय, याचा विचार करून मगच हा प्रयोग करावा. जिथे मोठी माणसं स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करतात तिथे तो चालतो. नाहीतर तो मुलांच्या तक्रारींचा साप्ताहिक दरबार होतो.

अजाइलमधल्या स्प्रिंट, पॉइंट, वेगाचे आलेख अशा मोजमापांबद्दल माझं मत कडवट आहे. जॉर्डन एटकिन यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालणं, वाचणं, रंगवणं यांचं मोजमाप केलं की लोक ते जास्त करायचे, पण त्यातली मजा कमी व्हायची, आणि मोजणं थांबलं की करण्याची ओढही घटायची. आईशी बोलणं, रियाज, मुलाबरोबर गच्चीवर बसणं या कामांना 'झालं' हा रकाना नाही. त्यांची चिठ्ठी बोर्डावर लावली की ती दर रविवारी 'झालं'मध्ये ढकलावी लागते आणि सोमवारी पुन्हा मागे आणावी लागते. अशा गोष्टींसाठी वेळ राखून ठेवावा, बोर्ड नको. आर्ली हॉकशील्ड यांनी 1997 मध्ये 'द टाइम बाइंड'मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या कुटुंबांचं वर्णन केलं: ऑफिस घरासारखं होत चाललंय आणि घर घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या कारखान्यासारखं.

राहिला यादीच्या मालकीचा प्रश्न. अॅलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये 35 अमेरिकन जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग पाडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक दोघं मिळून घेत. पहिलं आणि शेवटचं काम मुख्यत्वे बायकांकडे होतं. आता फ्रिजवरचा बोर्ड पुन्हा बघा. 'शाळेचा गणवेश' ही चिठ्ठी नवऱ्याच्या नावावर आहे, पण गणवेश आखूड झालाय हे कोणाच्या लक्षात आलं, चिठ्ठी कोणी लिहिली, आणि शनिवारी 'आणलास का?' कोण विचारणार? बोर्डामुळे तो हुकमाबरहुकूम काम करणारा कर्मचारी झाला आणि ती बिनपगारी मॅनेजर.

आपल्याकडची आकडेवारी यातलं थोडंच पकडते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर जाणारा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. आणि मुळात घरकामात हात घालणारे पुरुष होते 26.1 टक्के. पण सर्वेक्षणाने दिवस अर्ध्या-अर्ध्या तासात कापला होता. तांदूळ निवडता निवडता लसीची तारीख आठवणं त्या कोणत्याच तुकड्यात बसत नाही.

अमेरिकन वकील ईव्ह रॉडस्की यांनी 2019 च्या 'फेअर प्ले'मध्ये सुचवलेला तोडगा मला सध्याच्या तोडग्यांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. घरकामाचे शंभर पत्ते. जो पत्ता घेईल त्याने त्या कामाची कल्पना, आखणी आणि अंमलबजावणी तिन्ही घ्यायची. लसीकरणाचा पत्ता घेतला तर पुढची तारीख, डॉक्टरांची वेळ, रात्री ताप आला तर दुसऱ्या दिवशी रजा, सगळं त्याचंच. दुसऱ्याने आठवण करून द्यायची नाही, आणि अवघड भाग हाच आहे, कारण पहिल्या खेपेला काहीतरी चुकणार हे जवळपास ठरलेलं. म्हणून सुरुवात लसीपासून करू नये. गॅस सिलिंडरपासून करावी. तो भर स्वयंपाकात संपला आणि दुसरा भरून आणलेला नसला, तर फार तर त्या रात्री बाहेरून मिसळ मागवावी लागते.